सरांनी नेलेलं पाकीट

हे लिहावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे हसं होण्याची भीतीही वाटते.

मी सिंगापूरला ॲनिमेशन शिकते. तिथल्या चोआ चू कांग भागात अकराव्या मजल्यावर ऋतुजाताईबरोबर फ्लॅट शेअर करते. आमचे एक सर जपानी, तिकडे अनेक वर्षं ॲनिमेशनचे प्रोड्यूसर होते. सुरुवात चित्रं गोळा करण्यापासून केलेली — चित्रकाराच्या घरी जायचं, दाराबाहेर बसायचं, चित्रं हातात पडेपर्यंत उठायचं नाही. "प्रोड्यूसर झालो तरी काम तेच," ते हसून म्हणायचे, "फक्त बसायला खुर्ची मिळाली."

निवृत्तीनंतर ते स्वतःची छोटी फिल्म करत होते. त्यातली बारा चित्रं त्यांनी मला काढायला दिली. एक म्हातारी चपला घालते, एवढंच. अख्ख्या वर्गात फक्त मला. मी इतकी घाबरले की कागदाला हातच लावला नाही. ते विचारायचे, मी म्हणायचे, "होत आलंय, सर." शेवटी एका गुरुवारी बोलून गेले, "झालंय सर, पाकिटात भरून ठेवलंय."

पाकिटात कोरे कागद होते.

शनिवारी दुपारी दोनला भाजी घेऊन आले, तर ऋतुजाताई म्हणाली, "अगं, तुझे जपानी सर येऊन गेले! नाव सांगितलं आणि अर्धा तास दाराबाहेर बसले होते. आत या म्हटलं तर नुसते हसले. शेवटी तुझ्या टेबलावरचं त्यांच्या नावाचं पाकीट दिलं. दोन्ही हातांनी घेतलं गं, प्रसाद घ्यावा तसं."

"उघडलं त्यांनी?"

"माझ्यासमोर नाही. का गं, तोंड का उतरलं?"

माफी मागायला मी लगेच फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. सर शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये दाखल झाले होते... शनिवारी सकाळीच गेले. "काल दिवसभर तुझंच चाललं होतं," ती म्हणाली. "तिची चित्रं तयार आहेत, आणायला जायचंय म्हणून."

अंत्यविधीला ठेवलेला फोटो ऋतुजाताईला दाखवला. ती म्हणाली, "हेच." त्याआधी तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझा पत्ता मी सरांना दिला नव्हता. पाकीट पुन्हा दिसलं नाही.

ती बारा चित्रं मी आता काढली आहेत. बरी झाली आहेत. दाराशी कोण आलं होतं, हे मला कोणीही सांगू शकलेलं नाही, आणि ते कळण्याचा हट्टही मी सोडलाय.

पण सरांनी ते पाकीट उघडलं का... एवढं तरी कळायला हवं होतं.