चार हजार झेंडू

वावरात सकाय सकाय धुकं पडलं का झेंडू दिसे नाई, निस्ता पिवया उजेड दिसे. जसे कोनं जमिनीखालून दिवे लावले. बेबीताई अजूनबी त्याच टाईमले वावरात जाते. फुलायचं डालं कमरेले लावते, धुऱ्यावर म्हंजे बांधावर उभी राह्यते आन् कान देते.

तिचे मालक शेषराव फुलं तोडता तोडता एका दमात कबड्डी कबड्डी म्हनत. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंधात दम तुटला तं हासत आन् परत पह्यल्यापासून सुरू करत. थे गेले त्याले महिना उलटला. असेच झेंडूत बसले होते, दुपारच्या टाईमाले. बेबीताईले दुरून वाटलं, फुलं मोजून राह्यले. जवय गेली तं मोजनं थांबलं होतं.

पन धुक्यात तिले थो दम ऐकू येते. कोनाले सांगत नाई. कुंदनले, म्हंजे पोराले, सांगतलं तं थो अमरावतीले डाक्टरकडं नेईन.

शेषराव काई मोठे मानूस नोते. चांदूर बाजारच्या अलीकडं सात किलोमीटरवर गाव, दोन एकर वावर, एक हीर, फुलं आन् वांगे. लहानपनी बैलबंडीवरून पडले म्हून डावा पाय आखूड. कबड्डी कधी खेळले नाई. पन गावातलं सूर्योदय मंडळ त्याहीच्याबिगर मैदानात पाय ठेवे नाई. खडे येचनं, पानी मारनं, चुन्याच्या रेघा ओढनं सारं त्याहीच्याकडं. थे म्हनत का रेघ ओढनारा खरा कप्तान, बाकीचे त्याच्या रेघंच्या अंदर नाचते.

सूर्योदयचा एकच दुश्मन, अकोल्याचं तोफखाना मंडळ. दरसाल संक्रांतीच्या हप्त्यात मॅच. एक साल आमच्या गावात, एक साल अकोल्यात. कोन जितलं हे लोक होळीपर्यंत इसरून जात. पन कोनाच्या मैदानावर किती पब्लिक आलं, हे कोनी इसरे नाई. त्याच्यावरून चहाच्या टपऱ्या बंद पडल्या, सोयरिकी मोडता मोडता राह्यल्या.

तोफखान्याकडून बोलनारा मानूस होता धर्मपाल. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात हमाल, अंगानं रुंद, आवाज त्याच्याहून रुंद. थो मैदानाच्या गेटावर उभा राहे. दहा मानसं अंदर गेले का एक सरकी खिशात टाके. अकोल्याची एक मॅच अशी झाली का तीनशे सत्तर सरक्या भरल्या. म्हंजे तीन हजार सातशे मानूस. थ्या सरक्या त्यानं काचेच्या बाटलीत भरून ठेवल्या. कोनी पाहुना आला का बाटली हालवून दाखवे, जसं लोक पोराचा फोटो दाखवते.

शेषराव म्हनत, मानूस अंदर गेला, तंबाखू खाले बाहीर आला, परत अंदर गेला, त्याले धर्मपालनं दोनदा धरलं. ही का मोजनी झाली?

त्याहीची रीत येगळी होती. मॅचच्या आदल्या दिवशी झेंडू तोडत आन् पाच पाच करून डाल्यात टाकत. एका डाल्यात बरोब्बर पाचशे. मंग मैदानावर एका मानसाले एक फूल देत. म्हातारं असो, तान्हं असो, एक. ज्याच्याजवय फूल हाये थो मोजला गेला. किती डाले रिकामे झाले, तेवढं पब्लिक. फुकट वाटलेलं फूल थे बजारात गेलं असतं, हे बेबीताई पह्यले दोन-तीन साल बोलली. मंग नाई बोलली. कारन थे मैदान तिनं एकडाव टेकडीवरून पाह्यलं होतं. सारे लोक बसलेले, कोनाच्या टोपीत, कोनाच्या कानाले, कोनाच्या अंबाड्यात एक एक झेंडू. वारा आला का पुरं मैदान हाललं. तिले वाटलं, आपलंच वावर उठून मॅच पाहाले बसलं.

आता ज्या गोष्टीनं तिले एकवीस साल झोपू देल्लं नाई, थे सांगतो.

अकोल्यात तीनशे सत्तर सरक्यावाली मॅच झाली त्याच्या दुसऱ्या साली आमच्या गावात मॅच होती. शेषरावनं त्या साली आठ डाले भरले. चार हजार फुलं. तीन हजार सातशेले मागं टाकाचंच होतं. इकडून मोर्शी, तिकडून परतवाडा, बंड्या भरभरून लोक आले. शेषराव आन् मंडळाचे पोट्टे फुलं वाटत सुटले. सात डाले संपले. आठवं शाळेच्या भिंतीमागं ठेवलं होतं आन् त्याच्याजवय बेबीताईले बसवलं होतं. शेषराव म्हनले, उत्तरेकडचे लोक राह्यले, त्याहीले तूच वाटून दे, माहा पाय आता दुखून राह्यला.

थे उठली, डालं उचललंच होतं. तेवढ्यात मैदानातून आवाज आला, कुंदन, कुंदन. तिचं पोरगं त्या दिवशी पह्यल्यांदा सूर्योदयकडून उतरलं होतं. सतरा वर्साचं. तिनं डालं भिंतीमागं ठेवलं आन् पयाली. लोकायच्या खांद्यावरून पाह्यलं तं कुंदन एकटा तोफखान्याच्या सात जनायच्या मंधात, वठ हालून राह्यले, आवाज ऐकू येत नाई. सारं पब्लिक गप. तिलेबी दम धरून ठेवा वाटला. थो परत आला, दोघायले मारून आला, तवा तिनं श्वास सोडला. किती टाईम गेला तिले माईत नाई. आजबी थे डोये मिटते तं थो दम अजून चालूच हाये.

परत आली तं डाल्यात तोंडं घालून चार बकऱ्या. डाल्याच्या तयाशी निस्ते देठं.

तिनं बकऱ्या हाकलल्या, देठं पदरात घेऊन नालीत टाकले आन् डालं पालथं केलं. शेषराव लंगडत लंगडत आले. त्याहीनं पालथं डालं पाह्यलं आन् त्याहीच्या तोंडावर जे आलं, थे बेबीताईनं लग्नातबी पाह्यलं नोतं.

"वाटलं सारं?"

थे म्हनली, "वाटलं."

बस. एवढंच बोलली. त्या एका बोलानं चार हजार झाले.

तवापासून एकवीस साल भांडन चाललं. आधी एसटीडीवरून, मंग मोबाईल आला तसा दर रविवारी सकाय आठ वाजता. धर्मपाल फोन करे, खुशाली इचारे नाई, सीधं सुरू होये. पोट्ट्यायनं दोन दोन फुलं घेतले असन. बायांनी देवाले नेले असन. शेषराव म्हनत, तुह्या अकोल्याच्या लोकायले फुकटचं फूलबी कोनी देत नाई म्हून तुले जयते. धर्मपालचा शेवटचा बोल ठरलेला असे. थो म्हने, "बकऱ्यायले बी धरलं का बे, शेषराव?" आन् दोघंबी हासत.

बेबीताई चुलीजवय बसून राहे. तिचं हासू अर्ध्यात अडके. धर्मपालले बकऱ्यायचं खरंच माईत हाये, का थो निस्ती मस्करी करते, हे तिले एकवीस साल समजलं नाई. कित्येकदा वाटलं, सांगून टाकाव. पन शेषराव फोन ठेवला का दिवसभर कबड्डी कबड्डी म्हनत वावरात फिरत. त्या चार हजारावर थे जगत होते. भाकरीवर नाई जगत मानूस तेवढा. मंग बेबीताई उद्यावर टाके. असे उद्या टाकत टाकत थे दुपार आली.

शेषरावच्या मयतीले धर्मपाल आला नाई. त्याचा पाय प्लास्टरात होता, जिनात पायावर कापसाची गाठ पडली होती. त्या रविवारी आठ वाजता फोनबी वाजला नाई, पुढच्या रविवारीबी नाई. शेषरावचा फोन बेबीताईनं भिंतीतल्या देवळीत ठेवला होता, देवाजवय. रोज चार्ज करे. कुंदन म्हने, आई, बंद कर ना आता. थे ऐके नाई.

महिन्याभरानं एका सकाळी थे वावरातून आली तं ओसरीवर धर्मपाल बसला होता. अकोल्याहून रातची बस, अमरावतीले बदलून चांदूर बाजार, तथून आटो. बाजूले काठी. मांडीवर थे सरकीची बाटली. मानूस अर्धा झालेला दिसला.

"वयनी," थो म्हनला.

तिनं पानी देल्लं, चहा मांडला. थो चहा पेला, बाटलीचं झाकन उघडलं, बंद केलं, उघडलं. मंग खाली पाहून बोलाले लागला. म्हने, म्या प्लास्टरात पडल्या पडल्या लय इचार केला. शेषराव कधी खोटं बोलला नाई. लंगड्या पायानं चार हजार फुलं वाटनारा मानूस खोटं कायले बोलन. मी उगाच त्याले एकवीस साल छळलं. थो असता तं त्याच्या तोंडावर म्हनलो असतो, नाई म्हनलो. आता तुमच्यापाशी म्हनतो. थे चार हजारच होते. आमी हारलो. हे बाटली त्याच्या फोटोपुढं ठेवाले आनली.

बेबीताईच्या हातात बाटली आली. हलकी होती, सरकी वाळून हलकी होते. थे अंदर गेली. देवळीत शेषरावचा फोटो, फोटोले झेंडूचा हार. थे फोटोकडं पाहे ना. तिले वाटलं, आता बाटली ठेवली का झालं. कोनाले कधी समजनार नाई. चार हजार कायमचे चार हजार होतीन.

थे ओसरीवर परत आली आन् भिंतीले टेकून खाली बसली. बाटली मांडीवरच.

"धर्मपाल भाऊ, आठवं डालं बकऱ्यायनं खाल्लं."

मंग तिनं सारं सांगतलं. भिंतीमागचं डालं, कुंदनचा दम, पालथं घातलेलं टोपलं. आन् म्हनली का त्याहीनं मले इचारलं होतं वाटलं का, आन् म्या वाटलं म्हनलं. थे खोटं नोते बोलले. खोटं मी बोलली.

 आंगनात धुकं उतरत होतं, जशी दुधावर साय धरते तसं ऊन वरून धरत होतं. धर्मपालचे बोटं मांडीवर हालले. हमाल मानूस, हिशेब बोटांवर.

"म्हंजे साडेतीन हजार," थो म्हनला. "आमचे तीन हजार सातशे. वयनी, आमी दोनशेनं पुढं हाओ."

त्याच्या तोंडावर हासू आलं, मोठ्ठं, एकवीस सालाचं. आन् हात आपोआप खिशात गेला. त्यानं फोन काढला, बटन दाबलं, कानाले लावला. बेबीताईले समजेपर्यंत देवळीतला फोन वाजाले लागला होता.

धर्मपालचं हासू तसंच राह्यलं, डोये भरून आले. पन त्यानं फोन कानापासून काढला नाई. कोनाले सांगाव? ज्याले सांगाचं थोच नोता. थे जीत कोनाच्याच कामाची नोती.

देवळीत फोन थरथरून राह्यला, फोटोचा हार त्याच्यासंगं हाले. बेबीताई उठली. तिनं फोन कधी उचलला नोता, शेषराव उचलत. तिनं हिरवं दाबलं आन् कानाले लावलं. धर्मपाल दोन हात दूर ओसरीत बसलेला, पाठ करून. त्याचा आवाज तिले दोनदा आला, एकदा ओसरीतून, एकदा कानात. कानातला जरा उशिरानं, दुरून, जसा अकोल्याहून येते.

"शेषराव, आयक. तुह्ये फुलं बकऱ्यायनं खाल्ले. साडेतीन हजार होते तुह्ये. आता बोल."

कानात निस्ता दम ऐकू येत होता. त्याचा का तिचा का अजून कोनाचा, बेबीताईले सांगता येत नाई. तिनं डोये मिटले. पुरं मैदान दिसलं, सारे लोक एक एक फूल घेऊन गप बसलेले, तिच्याकडं पाहून राह्यले. कोनतरी रेघंच्या पलीकडं एकटं होतं आन् दम तुटू द्याचा नोता.

"बकऱ्या कायले आल्त्या?" थे म्हनली.

ओसरीत धर्मपालची पाठ ताठ झाली.

"मॅच पाहालेच आल्त्या ना," बेबीताई म्हनली. "ज्यानं फूल घेतलं थो धरला, हाच नेम होता त्याहीचा. बकऱ्यायनं बी घेतलं. बकऱ्या बी धरा."

 मंग धर्मपालनं नाक ओढलं. पाठमोराच होता.

"किती होत्या?"

"चार."

"डालं पाचशेचं खाल्लं असन, पन मुंडकी चार. चारच धरीन. साडेतीन हजार चार. पटते का?"

"नाई पटत," बेबीताई म्हनली. "दोन गाभन होत्या."

धर्मपाल हासला. रुंद हासला, जसा आधी हासे. फोनमंधूनबी आन् ओसरीतूनबी. त्यानं डोये पुसले आन् म्हनला का हे रविवारी पाहू, आता बिल वाढून राह्यलं. फोन कट केला.

जाताना थो बाटली घेऊन गेला. म्हनला, हारलो असतो तं ठेवली असती.

रविवारी आठ वाजता बेबीताई वावरातच होती. फोन संगं नेला होता, पदराले बांधून. धुक्यात पिवया उजेड होता. फोन थरथरला.