अण्णांचा अळणी डबा

मंडळी, आज दुपारी सूनबाईनं माझं बिनमिठाचं ताट वेगळं वाढलं आणि मला माझ्या वडिलांची, अण्णांची आठवण झाली.

सत्तरच्या दशकात ते सोलापुरात गिरणीत होते. हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरांनी मीठ, तेल, शेंगदाण्याची चटणी, सगळं बंद केलं. गिरणीत सगळे डबे मधे ठेवून वाटून खायचे. अण्णा मात्र लांब, एकटे जेवायला लागले. हळूहळू घरातही बोलेनासे झाले.

आई म्हणायची, "चार माणसांत बसा की वो."

"कसं बसू? माझ्या डब्यात कुणाला देण्यासारखं कायबी न्हाय."

अण्णा पुढं लई वर्षं जगले. डॉक्टर खूश होते. पण त्यानंतर अण्णा हसलेले मला आठवत नाहीत.

आज सुनेला म्हटलं, "माझ्यातलं थोडं घे की." तिला थट्टा वाटली.

तुमच्या घरी कुणाचं ताट वेगळं असतं? त्याच्या शेजारी कोण बसतं?