चौथा कोपरा

रेदेन्ताच्या आईने १९५८ साली गोझो बेटावरच्या आमच्या चर्चच्या मुख्य वेदीच्या कापडाला लेस केली. वीतभर रुंद, मधाच्या रंगाच्या रेशमाची, आणि चारी कोपऱ्यांत गव्हाच्या लोंब्या. सणाचे आठ दिवस ते कापड वेदीवर असायचं, बाकी वर्षभर कपाटात. गेल्याच्या गेल्या ऑगस्टमध्ये मिस्सा चालू असताना एक मेणबत्ती कलंडली आणि डावीकडचा पुढचा कोपरा जळाला. रेदेन्ता माझ्या शेजारी तिसऱ्या बाकावर होती. उरलेल्या मिस्सेत तिने एकदाही गुडघे टेकले नाहीत, उभीच राहिली.

पुढच्या वर्षी जानेवारीत सणाच्या समितीची बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, बाहेरून यंत्राची लेस मागवू आणि चारही बाजूंनी नवीन लावू, बाकावर बसून कुणाला कळणार आहे.

"मला कळेल," रेदेन्ता म्हणाली. "चौथा कोपरा मी करते."

आमचे पाद्री डन मॅन्वेल सावध माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला. "सेंट जोसेफच्या सणापर्यंत कोपऱ्याचा नमुना करून आण. उरलेल्या तीन कोपऱ्यांशी जुळला, तर आईची लेस राहील आणि चौथा कोपरा तू करशील. नाही जुळला, तर यंत्राची."

म्हणजे १९ मार्च. हातात नऊ आठवडे होते. मी तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली.

रेदेन्ता तेव्हा एकोणसत्तर वर्षांची. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटात शिकलो. सिस्टर बेनिन्या आम्हाला सुंदर अक्षर आणि लेस, दोन्ही शिकवायच्या. मला अक्षर आलं, तिला लेस. पुढे माझं लग्न झालं. ती राहिली आईजवळ आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिवणी तपासायला बसली. तिने नापास केलेला गठ्ठा मॅनेजरलासुद्धा पास करता येत नसे. एकदा त्याने प्रयत्न केला, तर तिने गठ्ठ्यातली एक विजार त्याच्या टेबलावर पसरून टाके मोजायला लावले.

इतकं सगळं येणाऱ्या बाईला कोपरा येत नव्हता. कारण सांगते. आमच्याकडे लेस गवताने भरलेल्या लांब लोडावर करतात. लोड भिंतीला टेकवायचा, त्यावर टाचण्या, आणि धागे गुंडाळलेल्या लाकडी काड्या जोडीजोडीने इकडून तिकडे टाकायच्या. सरळ पट्टी गोझोतल्या कुठल्याही म्हातारीला येते. पण कोपऱ्यावर बाहेरच्या कडेला लांब जावं लागतं आणि आतली कड जागच्या जागी फिरते. तिथे काय करायचं ते ज्या त्या घरचं असतं. रेदेन्ताची आई कोपऱ्याजवळ आली की मुलीला म्हणायची, "जा, पाणी घेऊन ये." विहिरीवरून परत येईपर्यंत कोपरा वळलेला असायचा. आठ वर्षांची असल्यापासून रेदेन्ताने ते पाणी आणलं. आईने शेवटपर्यंत दाखवलं नाही. आणि आई गेली तेव्हा टाचण्यांच्या जागी भोकं पाडलेली, नमुन्यांची कातडी गुंडाळी रेदेन्तानेच तिच्या शवपेटीत, जपमाळेशेजारी ठेवली. आईच्या पिढीतल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत असंच झालं आहे. मायेपोटी ठेवतात. नंतर हळहळतात.

"मी स्वतःच्या हाताने पुरलं, जेमा," ती मला एवढंच एकदा म्हणाली. पुन्हा तो विषय काढला नाही.

आता उरलेले तीन कोपरे पाहून शिकायचं, एवढीच वाट होती. पण जळल्यानंतर शेजारच्या माल्टा बेटावरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी कापड साफ करून सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीमागच्या पाद्रींच्या खोलीतल्या भिंतीत, काचेच्या पेटीत टांगलं आणि ती पेटी बंद करून टाकली. कोपऱ्याचं काय करायचं ते ठरेपर्यंत उघडायची नाही, असं लिहून दिलं. ती पेटी मुळात एका पुतळ्यासाठी केलेली, त्यामुळे खोल. काच आणि लेस यांच्यात चांगलं दोन वितींचं अंतर. रेदेन्ता काचेला नाक लावून उभी राहायची. भिंग धरलं तर सगळं धुरकट. माझ्या फोनवर फोटो काढला आणि मोठा केला, तर लेस भाजलेल्या रव्यासारखी दाणेदार दिसायला लागली.

"लोंब्या दिसतात की," मी म्हटलं.

"लोंब्या मला माहीत आहेत. धागा वरून गेला की खालून, ते दिसू दे."

तिच्या भाच्याने, मेलबर्नहून आला असताना, एक जुना कॅमेरा तिच्या घरी ठेवला होता. त्याचं भिंग दूरची घरं आणि जवळचे लोक बरे टिपायचं, धागे नाही. भाच्याने फोनवर सांगितलं, "त्सिया, त्याला मॅक्रो लेन्स लागेल. जवळचं मोठं दाखवणारी. कुठलीही घे." आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "कुठलीही घे म्हणणाऱ्याने आयुष्यात काही तपासलेलं नसतं."

७ फेब्रुवारीला आम्ही दोघी सकाळच्या बोटीने माल्टाला गेलो. रेदेन्ताच्या मांडीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. मला वाटलं, खायला. बोटीवर मी टोमॅटो चोळलेला पाव काढला आणि तिला म्हटलं, "तुझाही डबा उघड." तिने उघडला. तळाशी तिच्याच हातची लेस टाचलेली, आणि वर फोटोफ्रेमची काच चिकटपट्टीने बसवलेली. डब्याची खोली तिने पुठ्ठा जोडून बरोबर दोन विती केली होती.

"ही सॅक्रिस्टी," ती म्हणाली. "आणि यात किती धागे एकमेकांवरून जातात ते मला माहीत आहे. चोवीस."

व्हॅलेट्टातल्या दुकानात क्लेटन नावाचा तिशीचा विक्रेता होता. दाढी नीट कापलेली, बोलणं मऊ. त्याने आधी एक छोटी, जाडजूड लेन्स लावली आणि रेदेन्ताच्या अंगठीचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. अंगठीवरची कोरीव अक्षरं डोंगरासारखी दिसत होती.

"सिन्योरा, यापेक्षा स्वच्छ काही मिळणार नाही. फुलं, किडे, सगळे हीच नेतात."

"किडे पेटीत बसून राहतात का?"

"म्हणजे?"

तिने डबा टेबलावर उभा केला. क्लेटन हसला, पण वाकला. लेन्स पुढे सरकवत गेला आणि ती काचेवर टकटक आपटली. त्या लेन्सला अगदी बोटभर अंतरावर जायचं होतं, आणि मध्ये काच. मागे सरकला तर लेस चिमूटभर.

"मग लांबून मोठं दाखवणारी हवी," तो म्हणाला आणि एक हातभर लांब लेन्स घेऊन आला. ती खरोखर उत्तम होती. रेदेन्ताने ती उचलली आणि परत ठेवली. "ही घेतली तर हिला घर बांधून द्यावं लागेल. आणि माझं मनगट हिला पेलणार नाही. आणखी काय आहे?"

क्लेटन जरा घुटमळला. मग मागच्या कपाटातून एक वापरलेली झूम लेन्स काढली. कुणा पक्षी बघणाऱ्या माणसाची. कड्यावर 'मॅक्रो' असं लिहिलेलं आणि शेजारी एक बारीक खटका.

"खरं सांगू? आमचे नेहमीचे लोक हिला हसतात. झूमवर मॅक्रो म्हणजे नुसतं नाव. खऱ्या आकाराच्या निम्मं चित्र येतं. तेही हा खटका दाबून, पूर्ण लांब केल्यावरच."

"पण किती लांबून?"

"हातभर लांबून."

"मग निम्मं पुरतं की नाही ते धागा सांगेल. तुम्ही नका सांगू, मीही नाही सांगत."

पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्या वेळी तिने कॅमेरा माझ्या पर्सवर टेकवला, पर्समध्ये माझी वही आणि दोन स्वेटर होते, आणि श्वास धरला. क्लेटनने तो फोटो पडद्यावर मोठा केला. रेदेन्ताने केसांतली पिन काढली आणि पडद्याजवळ नेऊन मोजायला लागली.

"सिन्योरा, पडद्याला लागेल."

"एकतीस वर्षांत एकाही कापडाला लागली नाही." ती मोजत राहिली. "तेवीस."

"एखादा इकडे तिकडे—"

"एखादा इकडे तिकडे म्हणजे कोपरा नाही."

तिने डबा खिडकीजवळ नेला आणि तिरका फिरवला. आता उजेड बाजूने पडत होता. पुन्हा फोटो, पुन्हा पिन. क्लेटनने दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. या वेळी धागा कुठे दुसऱ्यावर चढतो तिथे बारीक सावली पडली होती.

"चोवीस," रेदेन्ता म्हणाली. "बांधून द्या."

परतीच्या बोटीवर ती पूर्ण वेळ तो खटका पुढेमागे करत होती.

पुढच्या शनिवारी रेदेन्ता, लेन्स, तिपाई आणि मी, असे आम्ही चर्चमध्ये गेलो. चर्चच्या किल्ल्या वेन्झूकडे असतात. ती कलंडलेली मेणबत्तीही त्यानेच लावली होती, म्हणून तेव्हापासून तो फार नियम काढायचा.

"तिपाई नाही. सॅक्रिस्टीची फरशी जुन्या संगमरवराची आहे. टोकांचे ओरखडे उठतात. दिवाही लावायचा नाही."

"मग कॅमेरा काय दातात धरू?"

"ते मला काय विचारतेस बये. तज्ज्ञ बाईंच्या कागदावर लिहिलंय."

"वाच बघू कागद."

त्याने वाचला. तिपाई नाही, शिडी नाही, दिवा नाही.

"लोडाबद्दल काही?"

"कसला लोड?"

ती घरी गेली आणि वीस मिनिटांत काखेत आपला लेसचा लोड घेऊन परत आली. आईचाच होता तो, गवत चार वेळा बदललेला. खुर्ची पेटीसमोर ठेवली, खुर्चीच्या पाठीवर लोड आडवा टाकला, त्यावर कॅमेरा दाबून बसवला. गवताने त्याला असं धरलं की हलायची सोय नव्हती. वेन्झू कागद पुन्हा वाचत होता. मग त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि स्वतःहून खिडकीचा पडदा बाजूला सारला, म्हणजे उजेड बाजूने पडला.

आम्ही सलग तीन शनिवार गेलो. प्रत्येक कोपऱ्याचे साठ-सत्तर फोटो, कारण एका फोटोत जेमतेम दोन बोटं जागा स्पष्ट यायची, पुढचं-मागचं धूसर. रेदेन्ताने ते कागदावर मोठे छापून घेतले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तुकड्याला तुकडा जुळवत गेली. मी आकडे लिहून घ्यायची.

४ मार्चची नोंद माझ्याकडे आहे. दुपारी चारला तिने मला बोलावलं. टेबलावर तिन्ही कोपरे पसरले होते.

"हा पहिला," ती म्हणाली. "इथे बघ, बारीक गाठ. आतल्या दोन जोड्या तिने कापून टाकल्या आणि पुढे नव्या जोडल्या. आता दुसरा बघ. इथे गाठच नाही. इथे जोड्या टाचणीला थांबवून ठेवल्यात. आणि तिसऱ्यात तिने बाहेरची जागा भरायला एक लोंबी जास्तीची घातली आहे."

"तिन्ही वेगळे?"

"आणि हे बघ. इथे रेशीम पिंजलंय. उसवून पुन्हा घातल्याशिवाय असं होत नाही. या जागी दोनदा उसवलंय."

तिने पिनेचं टोक त्या पिंजलेल्या धाग्यावर टेकवलं. मी चहा ठेवला.

"तिला येत नव्हता, जेमा," ती म्हणाली. "दर वेळी नव्याने शोधायची. मी बघू नये म्हणून पाण्याला पाठवायची. आणि मी बावीस वर्षं समजतेय की मी तिची विद्या पुरली. त्या गुंडाळीत कोपरा नव्हताच. सरळ पट्टीच होती."

मला वाटलं, ती रडेल. तिने चष्मा पुसला आणि लोड भिंतीला टेकवला. पंधरा दिवस राहिले होते.

आधी तिने पहिला कोपरा करून पाहिला, मग दुसरा. दोन्ही जमले. तिसरा तर सोपाच गेला. मी म्हटलं, यातला एक दे, काम झालं. तिने तिन्ही काढून ठेवले. जळलेला चौथा आईने कसा केला होता ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो या तिघांसारखा नव्हता एवढं मात्र आता नक्की होतं. नक्कल करून चालणार नव्हतं. तीही शोधायला बसली. चार वेळा उसवलं.

१९ मार्चला मिस्सेनंतर समिती सॅक्रिस्टीत जमली. डन मॅन्वेल नमुना घेऊन पेटीजवळ गेले, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.

"रेदेन्ता, हा पहिल्याशी जुळत नाही."

"नाही."

"दुसऱ्याशीही नाही."

"नाही, डन. ते तिघं एकमेकांशी जितके जुळतात, तितकाच हा त्यांच्याशी जुळतो. हे फोटो बघा." तिने कागद पसरले आणि केसांतली पिन काढली. एकेक गाठ, एकेक थांबलेली जोडी दाखवत गेली. यंत्राची लेस मागवायला निघालेले गृहस्थ चष्मा शोधायला लागले. वेन्झू मागून म्हणाला, "साठ वर्षं आम्हाला चारही सारखेच वाटत होते."

"बाकावर बसून," रेदेन्ता म्हणाली.

डन मॅन्वेल हसले, हे मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. मेमध्ये तज्ज्ञ बाईंनी पेटी उघडली. जळका भाग त्यांनीच कापून काढला. रेदेन्ता आपल्या घरी, दाराजवळच्या उजेडात, लोड टेकवून बसली. मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची, ती धागे टाकायची, मी वाचत असायची. सहाव्या दिवशी पट्टी कोपऱ्यापाशी आली. काड्यांचा आवाज थांबला. मी पुस्तकातून वर पाहिलं. ती लोडाकडेच बघत होती.

"जेमा," ती म्हणाली, "जरा पाणी आण ना."

नळ चार पावलांवर होता. मी रस्ता ओलांडून माझ्या घरी गेले, तिथून भरलेला जग घेऊन सावकाश आले.