हात की आरसा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत दोनच विषयांवरून भांडण व्हायचं. पंखा कुणाच्या डोक्यावर असावा, आणि माझा कॅमेरा मी कधी टाकणार. पहिलं भांडण सगळ्यांचं, दुसरं फक्त माझं आणि गणिताच्या सरांचं. हे सर माझ्याहून बरेच लहान. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे, नव्या वस्तूंचं भारी वेड असलेले. त्यांनी मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हापासून माझा डीएसएलआर त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला.

तसे दोन्ही कॅमेरे नवशिक्यांचेच. फरक पोटातला. माझ्या कॅमेऱ्यात आरसा आहे. भोकाला डोळा लावला की समोरचं दृश्य त्या आरशावरून वळून आहे तसं डोळ्यापर्यंत येतं. बटण दाबलं की आरसा खटकन वर उडतो आणि फोटो निघतो. सरांच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. डोळा लावला की आत इवलासा टीव्ही दिसतो.

"मॅडम, फोटो कसा येणार ते ह्यात आधीच दिसतंय की. आणि वजन बघा, हातात काही धरलंय असं वाटतच नाही."

"मला माणूस बघायचाय, टीव्ही नाही," मी म्हणायचे.

"सोडा की आता तो डबा."

"डबा तर डबा. एकदा चार्ज केला की माझा रविवार निघतो. तुम्ही बॅटऱ्यांनी खिसे फुगवून हिंडायलाय ते बघा आधी."

माझा स्वभावच तसा. मी भूगोल शिकवते, पण पृथ्वी गोल आहे हे कुणी फारच ठासून सांगायला लागलं तर मला तिथंही वाद घालावासा वाटतो. कॅमेऱ्याला मागे पडदा आहे आणि त्यात बघूनही फोटो काढता येतो, हे मला ठाऊक होतं. पण पडद्यात बघून फोटो काढायचा तर मोबाईल काय वाईट, असं म्हणून मी त्या बटणाला कधी हातही लावला नव्हता.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत कॅमेऱ्याची बाजू मी नुसती तोंडानेच घेत होते. कारण माझे फोटो बिघडायला लागले होते.

मी माणसांचे फोटो काढते. रविवारी कधी स्कूटीवर वळसंगकडे, कधी एसटीने मैंदर्गीच्या बाजाराला. मिरच्या निवडणाऱ्या बायका, गाळ्यात डुलक्या घेणारे दुकानदार, असले चेहरे मला आवडतात. तर हे चेहरे पुसट यायला लागले. डोळ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या. सगळेच नाही, पण जवळून काढलेले बहुतेक. वळसंगच्या रस्त्यावर एका मेंढपाळ आजोबांचा फोटो काढला आणि रिवाजाप्रमाणे त्यांना मागच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी तो उन्हातून सावलीत नेऊन नीट पाहिला.

"म्या न्हाय हललो, बाई," ते म्हणाले. "तुमीच हलला असाल की."

ते सहज बोलले आणि मेंढरांमागं निघून गेले. मला मात्र तिथं रस्त्याच्या कडेला स्कूटीवर बसून राहावं लागलं.

माझे अप्पा चित्रकलेचे शिक्षक होते. फळ्यावर एका दमात गोल काढायचे, सुरुवात आणि शेवट कुठं जुळले ते शोधूनही सापडायचं नाही. आज माझं जे वय आहे साधारण त्याच वयात तो गोल आधी चपटा झाला, मग दातेरी झाला, आणि मग अप्पा फळ्यावर काढायचंच टाळायला लागले. कंपवात. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. त्यांच्या शर्टाची बटणं माझा नवरा लावतो, आणि लावताना क्रिकेटचा स्कोअर सांगत राहतो, म्हणजे दोघांनाही बटणांकडे बघावं लागत नाही.

हात माझाही जाणार, असं माझ्या मनाने घेतलं. मला भीती वाटत होती. दुसरा शब्द नाही. वहीवर सही करताना मी स्वतःच्या बोटांकडे चोरून बघायचे, आणि बघितलं की ती हलल्यासारखी वाटायचीच. घरी कुणाला बोलले नाही. अप्पांना तर कळता कामा नये हे ठरलेलंच. आपला आजार मुलीत उतरलाय हे कुठल्या बापाला ऐकवायचं?

कॅमेऱ्याची तिवई होती माझ्याकडे, कपाटावर. ती काढून तिच्यावर कॅमेरा ठेवला असता तर एका फोटोत निकाल लागला असता. म्हणूनच काढली नाही. तिवईवर फोटो स्वच्छ आला असता तर दोष हाताचा हे पक्कंच झालं असतं ना. झाकली मूठ म्हणतात तशी मी माझी मूठ स्वतःपासूनच झाकून ठेवली होती.

त्यात सरांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. सरांनी स्टाफरूममध्येच जाहीर केलं, "मॅडम, दोन्ही कॅमेरे, एकच जोडपं, एकच जागा. फोटो तुम्हीच काढायचे, म्हणजे नंतर तक्रार नको." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मी हो म्हटलं आणि त्या रात्री धड झोपले नाही.

त्यांच्या घराची एक पद्धत आहे. घरात कुठलाही महत्त्वाचा फोटो निघायचा असला की भिंतीला नवीकोरी चादर ताणून लावायची आणि तिच्यासमोर माणसांना बसवायचं. सरांच्या वडिलांचं सगळं आयुष्य मागावर गेलेलं. स्टुडिओतले धबधबे आणि बागा त्यांना चालत नाहीत. त्या दिवशी लाल-काळी, मोरांची चादर होती. दोघं खुर्च्यांवर चादरीला अगदी पाठ टेकवून बसले. मी आधी माझ्या कॅमेऱ्याने, मग सरांच्या, असे फोटो काढले. मागचं धूसर आणि चेहरा उठून दिसावा अशी लेन्स दोन्हींवर होती. सरांचा कॅमेरा इतका गुपचूप चालतो की फोटो निघाला हे त्यांच्या आईला कळेचना, ती हसू तोंडावर धरून बसून राहिली.

मग सगळं घर संगणकासमोर जमलं. माझे फोटो आधी. माझे हात मी पदराखाली घेतले होते.

"वा," सरांचे वडील म्हणाले. "चादर बघा की. धागा न् धागा दिसायलाय."

सून म्हणाली, लई भारी. शेजारची मावशी म्हणाली, मोराच्या तुऱ्यातले धागे मोजून घ्यावेत. मग सरांचे फोटो लावले आणि वडिलांचा चेहरा उतरला. "ह्यात चादर बिघडली," ते म्हणाले. "पहिलाच छापा." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चादर चांगली तो फोटो चांगला, त्यात काय बघायचं? पन्नास वर्षांच्या संसाराची ती दोन माणसं पहिल्या फोटोत धुक्यात बसली होती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

माझ्या आलं. आणि त्यामागोमाग दुसरंही आलं, सावकाश. हात हलला असता तर चादरही हलली असती. मोर पुसट झाले असते, धागे एकमेकांत मिसळले असते. हलणारा हात माणसाला पुसून चादर कशी सोडेल?

"सर," मी म्हणाले, "परत एक फोटो काढू द्या मला. आत्ता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चेष्टा केली नाही. माडीवर माग अजून आहे, तिथल्या सूत गुंडाळलेल्या कांड्या त्यांनी आणल्या आणि फरशीवर एकामागे एक तिरप्या ओळीत उभ्या केल्या. मी मधल्या कांडीवर नेम धरला, खटकन फोटो काढला. मधली पुसट, मागची लखलखीत. परत काढला. परत मागचीच. मग आयुष्यात पहिल्यांदा ते पडद्याचं बटण दाबलं, पडद्यात बघून त्याच कांडीवर, त्याच हातांनी फोटो काढला. मधली कांडी अशी आली की सुताचा पीळ मोजावा.

सर समजावून सांगत होते. माझ्या कॅमेऱ्यात अंतर मोजणारा भाग वेगळा असतो, आरशाखाली. आरसा जरासा सरकला की तो खोटं मोजतो आणि कॅमेरा त्यावर विश्वास ठेवतो. मिररलेसमध्ये, आणि पडद्यात बघून काढलं तर माझ्याही कॅमेऱ्यात, जिथं फोटो उमटतो तिथंच अंतर मोजलं जातं, मध्ये कुणी नसतो. मला अर्धंच ऐकू आलं. मी कांड्यांशेजारी फरशीवर बसून रडायला लागले होते. सरांच्या आईला वाटलं कॅमेरा मोडला म्हणून रडतीय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, दुरुस्त होतंय, बाई, सगळं दुरुस्त होतंय.

नवऱ्याला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तो आधी चिडला, इतके महिने गप्प बसलीस म्हणून. मग म्हणाला, चादरीच्या सर्टिफिकेटवर माझा विश्वास नाही, आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बोटं पुढे करायला लावली, नाकाला लावायला लावली, चालवून बघितलं. काही नाही म्हणाले. येताना आम्ही शेंगाचटणी घेतली, आणि घरी पोचेपर्यंत मी वळचणीच्या चिमणीसारखी बडबडत होते.

अप्पांना सांगायचं कारणच नव्हतं. ज्याची त्यांना कल्पना नाही ते उकरून कशाला काढायचं? पण आनंद पोटात राहीना. दुपारचा चहा त्यांच्यापुढे ठेवून मी फक्त कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. आरसा सरकला होता, फोटो पुसट येत होते, आता कळलं, मिररलेस घ्यायचं म्हणतेय.

अप्पांनी आधी बशीकडे बघितलं.

"म्हणजे तुझा हात नव्हे," ते म्हणाले.

"हाताचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तू चहा आणतीस ना, तेव्हा मी कपाकडं बघायलोय. लई दिवस झाले. बशीत सांडतोय का ते. तुझे पुसट फोटो मीही बघितलेत की. चित्रकलेचा मास्तर आहे मी. मला वाटलं, माझ्याकडून हेच गेलं तुला."

इतके दिवस एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच भीती लपवत होतो, आणि मला वाटत होतं की माझी मूठ झाकलेली आहे. मग अप्पांनीच हात पुढे केला. मी माझा हात त्यांच्या तळव्यावर ठेवला. मुलांची चित्रं तपासायचे तसे ते वाकून बोटं निरखायला लागले. त्यांचा तळवा थरथरत होता आणि त्याच्यावर माझी बोटंही थरथरत होती. क्षणभर मी परत घाबरले.

"हा हलतोय तो माझा," अप्पा हसून म्हणाले. "तुझा नुसता वर ठेवलाय."