कोरडे राखलेले पिल्लू

आज सकाळी पट्टेदार घायपाताचे एक पिल्लू मूळ झाडापासून वेगळे केले. कापल्या जागेतून रसाचा हिरवट, उग्र गंध आला आणि कुवेंपुनगरच्या याच अंगणातील एक जुनी सकाळ मनासमोर उभी राहिली.

त्या वर्षी तेव्हाच्या मूळ झाडाने खांबासारखा उंच फुलोरा धरला होता. शेजारी कौतुकाने पाहत. पत्नी मात्र खाली वाकून बुंध्याभोवतीची पिल्ले न्याहाळत होती. घायपात एकदाच फुलते आणि मग वाळून जाते, हे तिला ठाऊक होते. भोवतालच्या पिल्लांत पानांना पिवळी किनार असलेले एकच होते. बाकी निव्वळ हिरवी. ते एक तिने कापून सावलीत पाटावर ठेवले.

पूजा आटोपल्यावर अभिषेकाचे तीर्थ झाडांना घालण्याचा माझा नेम. मी पळी पुढे करताच तिने मनगट धरले, आणि 'थोडं'ऐवजी इथले कानडी 'स्वल्प' वापरत ती म्हणाली,

"अहो, स्वल्प थांबा! आधी जखम सुकू दे. ओलं केलंत तर कुजेल."

"तीर्थाने कुजेल?"

"देवाला तीर्थ कळतं, पिल्लाला नुसतं पाणी!"

मी हसलो, पण मनातून किंचित दुखावलो. कोरडे ठेवणे हीसुद्धा सेवा असू शकते, हे तेव्हा उमगले नव्हते.

मूळ झाड वाळले; ते पिल्लू जगले. आता पत्नी नाही. तिने जगवलेल्या त्या झाडाचेच हे पिल्लू आज त्याच पाटावर आहे. पूजेनंतर माझा हात सवयीने त्याच्याकडे वळला, आणि थांबला. तीर्थ तुळशीला घातले, आणि पिल्लाला हळूच म्हणालो, "स्वल्प थांब."