नेव्हिल टुलक यांचा चमचा

माझे सासरे नेव्हिल टुलक यांची उभी हयात लोकरीच्या गोदामात वजनकाट्यावर गेली. शेतकऱ्याच्या गाठोड्यात पावशेर जास्त धरला जाऊ नये म्हणून ते भांडत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी तराजूशी नाते तोडले. आता ते पूर्णवेळ बिअर करतात, आणि बिअरमध्ये काहीही मोजणे हा त्यांना बायकीपणा वाटतो.

इन्व्हरकार्गिलच्या जुलैमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, गॅरेजात उभे राहिले की तोंडातून वाफ निघते. तिथे त्यांचे पिंप असते. आंबणे थांबते ते काम संपले म्हणून नव्हे, तर यीस्ट गारठून झोपी जाते म्हणून. नेव्हिल पिंपात बोट बुडवतात, चाटतात आणि जाहीर करतात, "झाली!" आजवर एकदाही "अजून व्हायचीय" असे निघालेले नाही.

मग साखर. बाटलीला बूच ठोकण्याआधी थोडी साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते, वायू आत कोंडतो आणि बिअरला फेस चढतो. किती घालायची, हे बाकीचे लोक ग्रॅममध्ये ठरवतात. नेव्हिल चमच्यात ठरवतात, तोही शिगोशिग भरलेल्या. मोठ्या बाटलीला एक चमचा, आणि तिच्या निम्म्यानेही नसलेल्या छोट्या बाटलीलाही तोच एक.

"छोटीला कमी नको का?" मी एकदा विचारले होते.

"पोरी, तू कॉलेजात इतिहास शिकलीस ना? मग होऊन गेलेल्या गोष्टींवर बोल. बिअर ही उद्याची गोष्ट आहे."

सासूबाई कोरल गेल्या वर्षी "पंधरा दिवस" म्हणून नेल्सनला बहिणीकडे गेल्या. त्या अजून आलेल्या नाहीत. मला पूर्वी याचे नवल वाटायचे.

आम्ही या घरात राहतो कारण आमच्या घराचे छत उघडे टाकून सुतार नाहीसा झाला. मी कामावर जाते तेव्हा आमची कर्स्टी आजोबांकडे असते. ती अजून रांगतही नाही. घरात हीटर एकाच खोलीत चालतो, तिच्या. बाकी सगळीकडे आम्ही घरातही लोकरीच्या टोप्या घालून वावरतो.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आले. कर्स्टी झोपली होती. खिडकीतून वारा येत होता म्हणून मी तिची कॉट जरा भिंतीकडे ओढली, तर खालून काचांची किणकिण. खाली लोंबणारी चादर वर केली. कॉटच्या बरोबर खाली दोन क्रेट, बाटल्यांनी गच्च भरलेले, वर तिचेच एक पांघरूण घालून ठेवलेले.

मी झोपलेल्या पोरीला उचलले आणि स्वयंपाकघरात गेले. नेव्हिल चीज रोलवर लोणी थापत होते. माझा नवरा कॅलम नुकताच येऊन बूट काढत होता.

"नेव्ह, बाळाखाली त्या बाटल्या काय करताहेत?"

"ऊब घेताहेत. राणीसाहेबांसाठी दिवसरात्र हीटर जळतो. वीज वाया कशाला घालवायची?"

"आणि फुटल्या तर?"

"माझी बाटली फुटत नसते."

"गेल्या वर्षी गॅरेजात काय झालं मग?"

"काच खराब होती."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"मांजर."

"डॅड, ब्रॉन म्हणतेय ते..." कॅलमने सुरुवात केली.

"तू गप रे! तुझ्या बारशाला हीच बिअर होती. मेलास का? शनिवारी क्लबात जेवण आहे, सगळ्यांना सांगून बसलोय. आता थंडीत नेली तर फेस येणार नाही. तो ड्युगल्ड जन्मभर हसेल मला."

म्हणजे पोरगी स्फोटकांवर झोपली तरी चालेल, पण बोलिंग क्लबातला ड्युगल्ड हसता कामा नये.

मी कर्स्टीला कॅलमकडे दिले आणि बापलेकीला बाहेर पाठवले. क्रेटमधून एक छोटी बाटली आणली, जाड टॉवेलात गुंडाळली, हातात ओव्हनचे मोजे चढवले आणि सिंकमध्ये धरून बूच उचकटले. बूच कुठे गेले ते अजून सापडलेले नाही. बिअर छताला लागली आणि तिथून सावकाश चीज रोलवर ठिबकू लागली. बाटलीत तळाशी बोटभर गाळ उरला.

"बघ!" नेव्हिल चेहरा पुसत म्हणाले. "जीव आहे तिच्यात!"

"मग तुमच्या खोलीत न्या. दुसरा हीटर मी देते. पलंगाखाली ठेवा आणि वर खुशाल झोपा."

"त्यात काय? नेतो की!"

नेले. पण कसे! क्रेट अंगापासून लांब धरलेला, तोंड फिरवलेले, पावले मांजराची. नातीच्या खाली ढकलताना ही नजाकत कुठे होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाणखान्यात आले तर नेव्हिल ओव्हरकोट घालून, कानटोपी ओढून सोफ्यावर मुटकुळे करून पडले होते. आत त्यांच्या खोलीत हीटर सुरू, दार घट्ट बंद.

"पाठ," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "पलंग फार मऊ झालाय."

त्या रात्रीही पाठच. शनिवारी बाटल्या काढायची वेळ आली तेव्हा ते कॅलमला म्हणाले, "तुझे हात तरुण आहेत." मी म्हटले, "त्या हातांना एक मुलगी आहे." शेवटी क्लबात दुकानातली बिअर गेली. तिथे त्यांनी सांगितले म्हणे, की सुनेने बाटल्या हलवल्यामुळे यंदाचा माल बिघडला.

आज सकाळी मी कर्स्टीची पिशवी भरून तिला गाडीत बसवले. तिच्यासाठी पाळणाघर बघितले आहे. माझ्या पगाराचा मोठा घास तिथेच जाणार. नेव्हिल फाटकापर्यंत आले. पहिल्यांदाच आवाज खाली होता.

"ब्रॉन, नातीला सांभाळायला आता मी चालत नाही का?"

"त्या फुटणार नव्हत्या, तर तुम्ही सोफ्यावर का झोपलात? एवढं सांगा. मग आत्ता ठेवते तिला तुमच्याकडे."

त्यांनी फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. मला खरोखर वाटले, आता हा माणूस चमच्याबद्दल एक शब्द बोलेल, आणि तो बोलला असता तर मी थांबले असते.

"हल्ली साखरच जरा जास्त गोड येते," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली.