भाषाबंदीतली सुईण

गेशे टामेन चोविसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अमेरिकेतल्या आयोवात आली. नवरा लवकर गेला. मुलगा हिन्रिख शेत बघू लागला आणि गेशे सदतीस वर्षं घोडागाडीतून बाळंतपणं करत हिंडली. जर्मन घरं, इंग्रजी घरं, तिला सगळी सारखीच.

१९१८ साली अमेरिकेचं जर्मनीशी युद्ध चालू असताना गव्हर्नरचा हुकूम निघाला. रस्त्यावर, शाळेत, चर्चमध्ये, फोनवर, सगळीकडे फक्त इंग्रजी बोलायचं. पाद्री अडखळत इंग्रजीत प्रवचन करू लागला आणि म्हाताऱ्या बायका काही न कळता माना खाली घालून बसू लागल्या. गेशेही बसायची. पायांना सूज, पाठीत कळ. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

जूनमधल्या एका दुपारी फोन वाजला. नऊ मैलांवरची आंट्ये रेम्ट्स मोडक्या इंग्रजीत काहीतरी बोलली आणि रडायलाच लागली.

"आंट्ये, आपल्या भाषेत सांग."

"मावशी, तारेवर लोक ऐकतात." एकाच तारेवर अकरा घरं होती.

"ऐकू देत. सुनेचं काय झालंय?"

"बाळाचा पाय आधी आलाय."

"तिला कुशीवर निजव. कळ आली तरी जोर करू देऊ नकोस. पाय ओढायचा नाही, हातसुद्धा लावायचा नाही. मी निघालेच."

मध्येच कुणीतरी फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला.

मुलगी झाली. निळी पडली होती, पण रडली.

चौथ्या दिवशी गावातल्या देशनिष्ठा समितीनं गेशेला बोलावलं. टेबलामागे धान्याचा व्यापारी एल्बर्ट किंब्रो बसला होता. त्याची दोन्ही मुलं गेशेच्या हातची. गेशे आपल्या भाषेत उत्तरं देणार, म्हणून हिन्रिख दुभाषा म्हणून शेजारी उभा राहिला.

"फोनवर शत्रूची भाषा बोललात?"

"बोलले."

"सदतीस वर्षांत इंग्रजी शिकला नाहीत?"

"कामापुरती शिकले. तुमची बायको अडली होती तेव्हा दोन दिवस तुमच्याच घरी होते मी. तेव्हा नाही विचारलंत."

किंब्रोनं हिन्रिखकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

हिन्रिखनं टोपी हातात फिरवली. "चूक झाली म्हणतेय."

तेवढं इंग्रजी गेशेला कळत होतं. तिच्या नावानं माफीचा मजकूर तिथंच लिहिला गेला, त्याखाली तिनं सही केली.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मी तसं म्हटलं नव्हतं."

"ठाऊक आहे, आई."

"मग?"

"मला याच गावात राहायचंय. मका किंब्रोलाच विकायचाय."

गेशेनं डोळे मिटून घेतले. मुलाचं चुकलं असं तिला म्हणवेना, आणि बरोबर आहे असंही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं येऊन घरातला फोन काढून घेऊन गेली. फोन नसल्यानं बायका गावातल्या डॉक्टरला बोलवू लागल्या. थंडीत युद्ध संपलं, हुकूम उठला, भिंतीवर फोन परत आला. पण तोवर तरण्या बायकांना डॉक्टरची सवय झाली होती आणि तारेवर सगळे आपसांतही इंग्रजीच बोलत होते. हिन्रिख सही करताना हेन्री लिहू लागला.

"तुला चालेल ना?" त्यानं एकदा विचारलं.

"चहा ओत," गेशे म्हणाली.

पुढच्या वसंतात तिनं काम सोडलं. कुणी विचारलं तर पाय दुखतात म्हणायची. ते खरंही होतं.